उपासमार झालेल्या घोड्याची शुश्रूषा : वनस्पतींचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा

ट्रॅक्टर, टेंपो व मोटारसायकल यांचा प्रसार झाल्यापासून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील घोड्यांची संख्या पुष्कळच रोडावली आहे. तथापि घोड्याची उपयुक्तता सर्वस्वी संपुष्टात आलेली नाही. मेंढरांचे कळप घेऊन पठारावरून कोकणात उतरणाऱ्या व पावसाळ्याच्या तोंडी परत फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा संसार, त्यांची कोकरे व कोंबड्या आजही तट्टांच्या पाठीवरून प्रवास करतात. माथेरानसारख्या गिरिस्थानी पर्यटक व सामान यांची ने-आण करण्यासाठी घोडे पाळले जातात. लग्नसराईत नवरदेवासाठी घोडा लागतो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा व नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील यात्रांत भरणारे घोड्यांचे बाजार तर सर्वश्रुत आहेत.

या सर्व व्यवसायांत एक गोष्ट समान आहे. काम हंगामी असते, घोड्याचे पोट मात्र बारमाही असते. हंगाम संपला, घोडा लंगडा किंवा म्हातारा झाला, अथवा धन्याचेच दिवस फिरले, की प्रथम दाणा बंद होतो, मग वैरण कमी होते आणि शेवटी जनावर उकिरड्यावर व रस्त्याच्या कडेला सोडले जाते. २०२० सालच्या टाळेबंदीत पर्यटन थांबले तेव्हा माथेरानच्या घोडेवाल्यांपुढे घोड्यांना काय घालावे, हा प्रश्न उभा राहिला होता. उपासमारीमागे प्रत्येक वेळी क्रौर्यच असते असे नाही. दारिद्र्य व अज्ञान हीही कारणे तितकीच प्रबळ असतात.

हाडांचा सापळा झालेले असे जनावर एखाद्या शेतकऱ्याच्या दारी येते, किंवा बाजारात अल्प किमतीत विकत घेतले जाते. घरच्यांना त्याची कणव येते. पहिल्याच सायंकाळी त्याच्यापुढे तोबराभर हरभरा व गूळ ठेवला जातो. जनावर अधाशीपणे खाते आणि सर्वांना समाधान वाटते. चौथ्या-पाचव्या दिवशी ते कोसळते व उठत नाही. ‘त्याच्यात काही उरलेच नव्हते’ अशी मग मनाची समजूत घातली जाते. वास्तविक अशा कित्येक मृत्यूंचे कारण तो पहिल्या दिवसाचा तोबराच असतो.

दुसरी चूक औषधांची. अशक्त घोड्याला ताबडतोब जुलाब, जंताचे औषध, लसूण व मिरे घातलेला मसाला असे एकामागून एक दिले जाते. गावठी वनस्पतींपैकी काहींचा उपयोग निश्चित आहे. परंतु तो कोणत्या कामी, कोणत्या वेळी व किती, हे समजले पाहिजे. प्रस्तुत लेखात हा क्रम सांगितला आहे. प्रथम तपासणी, नंतर चारा, त्यानंतर औषधी वनस्पती आणि सर्वांत शेवटी दाणा, असा तो क्रम आहे.

पहिल्या दिवशी काय पाहावे

नवे जनावर इतर घोडे, गाढवे व खेचरे यांच्यापासून किमान तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याची बादली, तोबरा व खरारा स्वतंत्र ठेवावा. नाकातून चिकट शेंबूड येत असेल, नाकपुडीच्या आत व्रण असतील किंवा पायांवर गाठी येऊन फुटत असतील, तर ग्लँडर्स या रोगाची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो व प्राणघातक ठरतो. अशा जनावराला घरगुती उपचार करीत न बसता तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

घोडा किती खंगला आहे हे डोळ्यांपेक्षा हाताने अधिक चांगले कळते. अमेरिकेतील हेनेके या शास्त्रज्ञाने १९८३ साली घोड्याच्या शरीरस्थितीसाठी १ ते ९ गुणांची पद्धत प्रसिद्ध केली. बरगड्या, पाठीचा कणा, कमरेची हाडे व शेपटीचे मूळ ही सर्व वर आलेली असून हाताला चरबी मुळीच लागत नसेल, तर १ गुण समजावा. बरगड्या दिसत नाहीत, परंतु हात फिरवताच सहज लागतात, अशा निरोगी जनावरास ५ गुण द्यावे. दाट केसांमुळे हाडे झाकली जातात. म्हणून केवळ पाहून अंदाज करू नये.

चाऱ्याचे प्रमाण वजनावर ठरत असल्याने वजन काढणे अवश्य आहे. त्यासाठी काटा लागत नाही, शिंप्याची फीत पुरते. खोगिराचा तंग जेथे आवळतात तेथे छातीचा घेर मोजावा. नंतर खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोकापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेरास घेराने गुणावे, आलेल्या संख्येस लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. म्हणजे किलोग्रॅममध्ये अदमासे वजन मिळते. उदाहरणार्थ, एका हडकुळ्या तट्टाचा घेर १३० व लांबी १२५ सेंटिमीटर भरली, तर त्याचे वजन सुमारे १७८ किलो होते. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी फीत लावून मापे वहीत टिपून ठेवावी.

याच वेळी तापमान घ्यावे. निरोगी घोड्याचे तापमान साधारणतः ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. हिरड्या पांढरट आहेत काय, डोळ्यांतून पाणी येते काय, लीद पडते काय, हे पाहावे. जनावर गवत चघळून त्याचे गोळे खाली टाकत असेल, तर त्याचे दात वाढलेले किंवा दुखरे आहेत असे समजावे. असे जनावर दावणीत चारा असूनही उपाशी राहते. दात घासून घेतल्यावाचून त्याच्यावर केलेला सर्व खर्च व्यर्थ जातो.

भुकेल्या घोड्याला दाणा का बाधतो

दीर्घ उपासमारीत शरीर प्रथम साठवलेली चरबी व नंतर स्नायूंतील प्रथिने जाळून जगते. या काळात पेशींमधील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचे साठे रिते होत जातात. अशा स्थितीत हरभरा, मका, बाजरी किंवा गूळ पोटात गेला, की रक्तातील साखर एकदम वाढते. ती पेशींत पोहोचविण्यासाठी इन्शुलिन स्रवते. साखरेबरोबर रक्तातील उरलेसुरले फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियमही पेशींत ओढले जाते. रक्तात त्यांची तीव्र टंचाई निर्माण होऊन हृदय, श्वसन व मूत्रपिंड यांचे कार्य बिघडते. खाद्य सुरू केल्यापासून सुमारे तीन ते दहा दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली छावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांना पोटभर अन्न मिळाले तेव्हा त्यांच्यातही असेच मृत्यू घडले होते.

याखेरीज दुसरेही एक कारण आहे. घोडा रवंथ करीत नाही. चाऱ्यातील तंतुमय भाग त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जंतू पचवितात. उपासमारीत या जंतूंचीही उपासमार झालेली असते. त्यांच्यावर एकदम दाण्याचा भार पडल्यास आम्ल तयार होते, पोटशूळ उठतो आणि पुष्कळदा खुरांचा दाह होतो. पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहणारा व पाऊल उचलण्यास कचरणारा घोडा या दाहाने पीडित असतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी उपासमार झालेल्या घोड्यांना तीन प्रकारचे आहार देऊन तुलना केली. ओटचे वाळलेले गवत व वाळलेला लसूणघास यांचा त्यांत समावेश होता. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लसूणघास सर्वांत उपयुक्त ठरला. त्यात पिष्ट पदार्थ कमी, उत्तम प्रथिने अधिक आणि फॉस्फरस व मॅग्नेशियमही चांगले असते. उपाशी घोड्याला प्रथम लागणारी औषधी वनस्पती कोणती, असा प्रश्न असल्यास त्याचे उत्तर लसूणघास हेच आहे.

पहिल्या दहा दिवसांचा आहार

पहिले तीन दिवस शरीराच्या दर १०० किलो वजनास सुमारे ६०० ग्रॅम वाळलेला लसूणघास दिवसभरात द्यावा. तो एकदम न देता दर चार तासांनी, म्हणजे रात्र धरून सहा वेळा, समान भागांत द्यावा. वर उल्लेखिलेल्या १७८ किलोच्या तट्टाला दिवसाकाठी सुमारे १ किलो ५० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक वेळी केवळ १७५ ग्रॅम लसूणघास येतो. ही पेंडी पाहून कोणालाही ती अपुरी वाटेल. जनावर पाय आपटील, दावे ओढील, केविलवाणे पाहील. तथापि या तीन दिवसांत मन घट्ट करणे हीच खरी शुश्रूषा होय.

चौथ्या दिवसापासून प्रमाण थोडेथोडे वाढवीत व वेळा कमी करीत जावे. सहाव्या दिवशी दर १०० किलो वजनास १ किलो ३०० ग्रॅम हे प्रमाण गाठावे व ते तीन वेळांत विभागावे. आपल्या उदाहरणातील तट्टाला प्रत्येक वेळी सुमारे ७७० ग्रॅम द्यावे लागेल. पुढे दहाव्या दिवसापर्यंत दर १०० किलोस सुमारे २ किलोपर्यंत जावे. त्यानंतर जनावर खाईल तितका चारा दोन-तीन वेळांत देण्यास हरकत नाही. मध्येच पोट फुगले, लीद पातळ झाली किंवा पाय सुजले, तर प्रमाण वाढविणे थांबवून पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

लसूणघास फुलोऱ्याच्या सुरुवातीस कापून सावलीत पसरून वाळवावा. त्याचे बहुतेक सत्त्व पानांत असते. कडक उन्हात वाळवून झोडपल्यास पाने गळतात व हाती काड्या राहतात. ताज्या हिरव्या लसूणघासात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते व तो एकदम खाल्ल्यास पोट फुगण्याची भीती असते. वाळलेला मिळत नसेल तर हिरवा निदान एक दिवस सुकवून द्यावा व सुकण्याचे प्रमाण लक्षात घेऊन वजन वाढवावे. लसूणघास अपुरा असल्यास मारवेल किंवा हरळी यांचे स्वच्छ, मऊ, वाळलेले गवत त्यात मिसळावे. फुलोऱ्यातील चाऱ्यावर हिंगे नावाचे रंगीत भुंगेरे असल्यास तो चारा घोड्याला घालू नये. त्यांच्या अंगातील दाहक विष भुंगेरा मेल्यावर व वाळल्यावरही टिकून राहते.

पाणी स्वच्छ व सदैव जवळ असावे. जनावर अतिशय तहानलेले आल्यास पहिल्या काही तासांत थोड्या थोड्या अंतराने दोन-तीन लिटर पाणी द्यावे. मिठाचा खडा चाटण्यास ठेवावा. चरबी उरलेली नसल्याने अशा जनावराला थंडी फार बाधते. म्हणून वाऱ्याचा आडोसा, कोरडे अंथरूण व रात्री पाठीवर झूल किंवा घोंगडी यांची तजवीज करावी. ऊब राखण्यासाठी खर्च होणारी शक्ती वाचली, म्हणजे तितकाच चारा अंगी लागतो.

कातडी, जखमा व खूर यांसाठी वनस्पती

गावठी वनस्पतींचा सर्वांत निर्धोक उपयोग अंगाच्या बाहेरून होतो.

कडुनिंब : खवडे धरलेल्या व केस झडलेल्या कातडीसाठी पाव किलो कडुनिंबाचा पाला पाच लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळावा. पाणी कोमट झाल्यावर गाळून तेवढाच भाग धुवावा व लगेच कोरडा करावा. सर्व अंग एकाच वेळी भिजवू नये. गोचीड व माश्या यांच्या उपद्रवासाठी एक भाग निंबतेल नऊ भाग खोबरेल तेलात मिसळून चोळावे. प्रथम तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस वाट पाहावी. आग किंवा सूज न आल्यास पुढे जावे. डोळे, नाक व ओठ यांना तेल लागू देऊ नये. निंबतेल घोड्याच्या पोटात देऊ नये. माश्या घालविण्यासाठी पाला जाळून पागेत धूर कोंडण्याची पद्धतही अशक्त जनावराच्या फुप्फुसांना अपायकारक आहे.

हळद : खोगिराने किंवा दोरीने झालेल्या उथळ जखमा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून धुवाव्या. त्यावर स्वच्छ हळद खोबरेल तेलात कालवून पातळ थर द्यावा. बाजारातील हळदीत रंगाची भेसळ असू शकते. घरची हळकुंडे दळून घ्यावी. खोल, टोचलेल्या किंवा सडलेल्या जखमेवर हळद भरून ती झाकू नये.

कोरफड : पानाची साल काढून आतील पारदर्शक गर भाजलेल्या किंवा खरचटलेल्या जागी लावता येतो. सालीलगतचा पिवळा चीक मात्र धुऊन टाकावा.

खूर : दुर्लक्षित घोड्याचे खूर वाढून फाटलेले असतात. तळव्यातील मऊ त्रिकोणी भाग कुजून काळा पडतो व त्याला दुर्गंधी येते. यावर पहिला उपाय कोरडी जागा हा होय. रोज आकड्याने खूर कोरून स्वच्छ करावे, मिठाच्या पाण्याने धुवावे, पुसावे व करंजाचे किंवा वर सांगितल्याप्रमाणे पातळ केलेले निंबतेल कापसाने लावावे. वाढलेले खूर एकाच दिवशी मूळ आकारात आणण्याचा आग्रह धरू नये. नालबंदाकडून सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने ते दुरुस्त करून घ्यावे.

पोटात द्यावयाच्या वनस्पती

पहिल्या दहा दिवसांत चारा, पाणी व मीठ यांव्यतिरिक्त पशुवैद्यकाने सांगितल्याखेरीज काहीही पोटात देऊ नये. त्यानंतर पुढील वनस्पतींचा विचार करावा.

जवस : तिसऱ्या आठवड्यानंतर कातडी व केस यांची सुधारणा होण्यासाठी जवस उपयोगी आहे. कच्चा जवस कोमट पाण्यात भिजवून ठेवल्यास त्यात प्रुसिक आम्ल हे विष निर्माण होते. म्हणून तो उकळत्या पाण्यातच टाकावा व निदान दहा-पंधरा मिनिटे शिजवावा. लहान तट्टास दिवसाला २० ग्रॅमपासून आरंभ करून ५० ग्रॅमपर्यंत द्यावा.

मेथी : घोड्यांना मेथीचा वास आवडतो, असे इंग्लंडमध्ये झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. मंद भूक असलेल्या जनावराच्या ओलसर चाऱ्यावर ५ ते १० ग्रॅम मेथीची पूड भुरभुरल्यास ते तोंड लावू लागते. मेथीकडून याहून अधिक अपेक्षा बाळगू नये.

इसबगोल : भुकेला घोडा उघड्या जमिनीवरचे खुरटे गवत उपटताना माती व वाळू गिळतो. लिदीचे चार-पाच गोळे काचेच्या बाटलीत पाणी घालून ढवळावे व पंधरा मिनिटे ठेवावे. तळाशी वाळूचा जाड थर बसल्यास पोटात वाळू आहे असे समजावे. इसबगोलाची साल चाऱ्यात मिसळून काही दिवस दिल्यास वाळू पुढे सरकण्यास मदत होते. मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी व त्या काळात पाणी भरपूर पाजावे.

पोटशूळ झाल्यास ओवा, हिंग, सुंठ यांचा काढा बांबूच्या नळकांड्यातून पाजण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडून देणे इष्ट होय. मान वर करून जबरदस्तीने पाजलेले औषध फुप्फुसात उतरते व त्यातून न्यूमोनिया होतो. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेली चुकीची वस्तू त्याला बाहेर टाकता येत नाही. घोडा पोटाकडे वळून पाहू लागला, वारंवार लोळू लागला व लीद बंद झाली, तर चारा काढून घ्यावा व विलंब न लावता पशुवैद्यकास बोलवावे.

टाळावयाच्या वनस्पती व खाद्ये

काळा बोळ म्हणजे कोरफडीचा आटवलेला चीक. पूर्वीच्या काळी लष्करी घोड्यांना याचा जुलाब देण्याचा प्रघात होता. धष्टपुष्ट घोड्यालाही तो कडक पडतो. अशक्त घोड्याच्या अंगातील उरलेले पाणी व क्षार तो काढून घेतो. एरंडेलाचा जुलाबही तितकाच त्याज्य आहे. एरंडीच्या बिया तर प्राणघातक आहेत.

कांदा व लसूण पुष्कळ प्रमाणात खाल्ल्यास घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व पंडुरोग होतो. आधीच रक्त कमी असलेल्या जनावराला लसणाचा मसाला देणे हे त्याचे रक्त आणखी कमी करण्यासारखे आहे. तंबाखूचे पाणी अंगाला लावणे किंवा पाजणेही विषारी आहे.

भुकेला घोडा एरवी ज्यांना तोंड लावणार नाही अशा वनस्पती खातो. म्हणून त्याला बांधण्याच्या जागेभोवती कण्हेर, पिवळी कण्हेर, धोत्रा, एरंड, घाणेरी, गुंज व बेशरम यांची झाडे नसावी. हिरवी ज्वारी व सुदान गवत घोड्याला घालू नये. त्यांच्यामुळे मूत्राशयाचा विकार होऊन मागील पाय लुळे पडतात. बुरशी आलेला भुईमुगाचा पाला व काळा पडलेला कडबा टाकून द्यावा. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा पोसू नये. कोंड्यात फॉस्फरस फार व चुना कमी असल्याने हाडे ठिसूळ होतात. कोंबड्यांचे खाद्य घोड्याला कधीही देऊ नये. त्यात मोनेन्सिनसारखे औषध मिसळलेले असू शकते व त्याची अल्प मात्राही घोड्याचे हृदय निकामी करते.

जेथे वनस्पती पुरत नाहीत

चारा भरपूर मिळूनही घोडा खंगत गेला, मधूनमधून ताप आला, पाय व पोटाखालचा भाग सुजला, तर सरा या रोगाची शंका घ्यावी. त्याचा परजीवी १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात शोधून काढला. घोडमाश्यांच्या चावण्याने तो पसरतो. रक्त तपासून योग्य ते इंजेक्शन देणे हाच त्यावर उपाय आहे. पाला किंवा काढा यांनी तो बरा होत नाही.

धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो. खिळा, तार किंवा फुटका नाल यांच्या टोचण्यानेही तो होतो. दुर्लक्षित घोड्याला पूर्वी लस टोचली असेल असे गृहीत धरू नये. जखम दिसताच हळदीबरोबरच धनुर्वाताच्या प्रतिबंधक इंजेक्शनाची व्यवस्था करावी.

जंतांसाठी पळसपापडीची पूड देण्याची रूढी आहे. तिच्यावर विसंबून राहता येत नाही. लिदीची तपासणी करून, जनावर काहीसे सावरल्यावर, पशुवैद्यकाने सांगितलेले औषध वजनाप्रमाणे द्यावे. जंतांचा भार मोठा असता पहिल्याच दिवशी तीव्र औषध दिल्यास अशक्त आतड्याला ते झेपत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावरून मदत मिळू शकते.

सुधारणेची लक्षणे व काम

नियमाने चारा मिळाल्यास साधारणतः दोन आठवड्यांत जनावराचे कान हलू लागतात, मान वर येते व नजरेत तरतरी दिसते. महिनाभरात केसांना चमक येते व वजनवाढ फितीवर दिसू लागते. पूर्ववत शरीर भरण्यास मात्र तीन ते पाच महिने लागतात. हा काळ कोणत्याही औषधाने कमी होत नाही.

महिनाभरानंतर दात ठीक असल्यास भिजवून भरडलेला हरभरा १०० ग्रॅमपासून सुरू करावा व दर तीन-चार दिवसांनी थोडा वाढवावा. लसूणघासाची जागा दाण्याने घेऊ नये. याच सुमारास रोज दहा-पंधरा मिनिटे हाताला धरून सपाट जमिनीवर चालवावे. बरगड्या दिसेनाशा होईपर्यंत खोगीर, ओझे किंवा गाडी यांपैकी काहीही लादू नये. दुर्बल किंवा जखमी जनावरास कामाला जुंपणे व जनावराला उपाशी ठेवणे हे दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार अपराध आहेत.

लसूणघासाची तजवीज

विकतचा चारा पाच महिने घेणे सर्वांना परवडत नाही. पाण्याची सोय असलेल्या शेतकऱ्याने पाच-सहा गुंठे लसूणघास लावल्यास एका तट्टाची हिरव्या चाऱ्याची गरज बहुतांशी भागते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे आरएल-८८ हे बहुवार्षिक वाण यासाठी योग्य आहे. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. हेक्टरी २५ किलो बियाणे धरल्यास सहा गुंठ्यांस दीड किलो पुरते. बियाणे अमरवेलीच्या बीपासून मुक्त असल्याची खात्री करून घ्यावी. पहिली कापणी सुमारे ४५ ते ५० दिवसांनी मिळते व पुढील कापण्या ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने घेता येतात.

ज्यांच्याकडे घोडे आहेत त्यांनी हा प्लॉट हंगाम चालू असतानाच, हाती पैसा असताना लावावा. पावसाळ्यात पर्यटक येत नाहीत व लग्ने होत नाहीत तेव्हा वळईत रचलेला वाळका लसूणघास घोड्याला तारून नेतो. मग त्याला उपासमारीतून उठविण्याची वेळच येत नाही. ज्यांच्या दारी असे खंगलेले जनावर आजच आले आहे त्यांनी मात्र हरभऱ्याचा डबा बाजूला ठेवावा, फितीने वजन काढावे आणि १७५ ग्रॅमच्या पेंडीपासून सुरुवात करावी.